गाईला चार पाय असतात, मग पुढे?

जूनमध्ये पहिलीची पोरं येतात तेव्हा तीन आठवडे मी वही उघडू देत नाही. पालक कुरकुरतात. म्हणे अमक्याच्या पोराला पहिल्याच दिवशी एबीसीडी लिहायला दिली. दिली असेल. माझी शाळा माण तालुक्यातल्या एका वाडीवरची, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी, पहिली-दुसरी माझ्याकडे. इथली पोरं करडाच्या गळ्यातली गाठ डोळे मिटून सोडवतील, पण हातात पेन्सिल आली की मूठ आवळतात. म्हणून आधी हात सैल करायचा. ताटलीत बारीक वाळू घेऊन बोटाने रेघा, ओल्या मातीच्या वळ्या, चिंचोक्यांच्या रांगा. सगळ्यात लाडका उद्योग म्हणजे जुना ब्रश पाण्यात बुडवून भिंतीवर लिहिणं. चुकलं तरी उन्हाने दोन मिनिटांत वाळून जातं, कुणाला दिसत नाही.

मग पाटी. नवीन लांब पेन्सिल देऊ नका, खडूचा पेराएवढा तुकडा द्या. एवढ्याशा तुकड्याला मूठ मारताच येत नाही, तो आपसूक तीन बोटांत येतो. डावखुऱ्या मुलाला ओळीच्या डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजारच्याच्या कोपराशी टक्कर होत नाही. त्याचा हात बदलायला जाऊ नका. घरी आज्जी बदलायला लावत असेल तर आज्जीशी बोला.

अक्षरं अ पासून ज्ञ पर्यंत ओळीने घेऊ नका. अ चं वळण मोठ्यांनाही नीट जमत नाही आणि आपण नेमकी तिथून सुरुवात करतो. जुने मास्तर ग म भ न घ्यायचे ते काही वेडे नव्हते. मी त्यात भर एवढीच घालते की काना त्याच आठवड्यात शिकवते. मग पाचव्या दिवशी पोर ‘मामा’ लिहितं, ‘नाग’ लिहितं, ‘मान’ लिहितं. ज्याला ‘नाग’ लिहिता आला ते घरी जाऊन चुलीच्या राखेतसुद्धा नागच लिहितं. नुसता ‘ग’ कुणी राखेत लिहीत नाही.

वरची रेघ शेवटी मारायची, आणि शब्दाला एकच. मी सांगते, एका घराला एक पत्रा, दोन घरांमध्ये बोटभर बोळ. अक्षराअक्षरावर तुटक रेघ मारणारी पोरं यामुळे लवकर सुधारतात. ‘ल’ची मात्र हल्ली पंचाईत आहे. आपला ‘ल’ पाकळीचा, 2009 च्या शासन निर्णयातही तसाच आहे. मोबाइलवर बऱ्याचदा हिंदी वळणाचा दंडाचा दिसतो. पोरं विचारतात, बाई खरा कुठला? दोन्ही वाचायचे, लिहायचा पाकळीचा, एवढंच सांगून पुढे जाते.

इथवर सगळा हाताचा मामला. लिहिणं वेगळंच, आणि ते अक्षरं पुरी व्हायची वाट बघत नाही. परिपाठ झाला की रोज एका पोराने काल काय पाहिलं ते सांगायचं आणि मी ते फळ्यावर लिहायचं. जसं बोललं तसं. एकदा एक पोरगी म्हणाली, “काल आमची शेळी याली. दोन करडं झाली. येक जगलं न्हाय.” मी तसंच लिहिलं. वर्ग गप्प. मग तिने स्वतः उठून एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. तोवर तिला निम्मी अक्षरंही येत नव्हती, पण वाक्य तिचंच होतं, ते कुठे पळणार?

‘न्हाय’ लिहिलं म्हणून एका पाहुण्या साहेबांनी मला सुनावलं होतं. माझं म्हणणं असं की पहिल्या दिवशी ‘न्हाय’च राहू द्या. दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली ‘एक जगलं नाही’ लिहा आणि सांगा, वरचं आपल्या घरचं, खालचं पुस्तकातलं. दोन्हीकडे जाता आलं पाहिजे. वरचं खोडलं, तर पोराला कळतं की आपलं घरच चुकीचं आहे. मग ते तोंड उघडत नाही, आणि तोंड मिटलेल्या पोराला लिहायला शिकवणारा मास्तर मला अजून भेटलेला नाही.

दुसरीच्या मध्यावर निबंध येतो. ‘माझा आवडता प्राणी’. बावीस वह्यांत बावीस गाई: गाय पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात, ती दूध देते. हे पोरांचं लिहिणं नव्हे, गाइडचं. अशा वेळी नवा निबंध देऊ नका, त्याच निबंधाला प्रश्न विचारा. तुमची गाय धार काढताना कुणाला जवळ येऊ देते? “आज्जीलाच.” का? “आज्जी गुणगुणती.” आई बसली तर? “लाथ मारती.” झालं, हेच लिही. तीन ओळी पुरेत. प्रश्न मात्र असा हवा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक नाही. पोरांना बरोबर कळतं, बाई खरंच विचारतात की परीक्षा घेतात.

तपासण्याबाबत माझी स्वतःची चूक सांगते. पहिली काही वर्षं मी लाल पेनाने वही रंगवून काढायची. एक मुलगा चार ओळींवरून दोनवर आला, दोनवरून एकीवर. कमी लिहिलं की कमी लाल, हे गणित त्याला अचूक जमलं होतं. आता मी आठवड्याला एकच गोष्ट बघते. या आठवड्यात पूर्णविराम, तर फक्त पूर्णविराम. वेलांट्या आपल्या वाटेने जाऊ देत. शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, ते आम्हा शिक्षकांना तरी कुठे पाठ आहेत? दुसरीला एवढंच पुरे: शब्दाच्या शेवटी इ-उ आले की दीर्घ. पाणी, लाडू, माती. ‘आणि’ तेवढा हट्टी, त्याला वेगळा बसवायचा. ‘विहीर’ पण ‘विहिरीत’, ‘फूल’ पण ‘फुलाला’, हे तिसरी-चौथीत घ्या. श्रुतलेखनालाही पोरांचीच फळ्यावरची वाक्यं घ्यावीत. धडा परका असतो, शेळी ओळखीची.

दिवाळीनंतर काही आईबाप मेंढरं घेऊन बाहेर पडतात, पोरं आज्जीकडे राहतात. तेव्हा आम्ही चिठ्ठ्या लिहितो. मी फोटो काढून मेंढरांच्या तळावरच्या, म्हणजे वाड्यावरच्या, कुणाच्या तरी फोनवर पाठवते. चिठ्ठी तपासायची नाही, चुकीसकट जाऊ द्यायची. गेल्या वर्षी एकाने मध्येच थांबून विचारलं, “बाई, आईला वाचता येत न्हाय. कोण वाचून दावणार?” म्हटलं, चुलता वाचेल. तो थोडा वेळ बसून राहिला, मग एक ओळ खोडरबराने पुसली आणि तिथे लिहिलं, ‘काळ्या कुत्र्याला भाकरी दे’. पुसलेली ओळ कुठली होती ते मी विचारलं नाही.