पॅक लाइन बचाव कॉलेजच्या संघात कसा बसवायचा: व्हर्जिनियाच्या २०१८-१९ हंगामाचा आधार घेऊन

व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने २०१८-१९ च्या हंगामात ३५ सामने जिंकले, ३ गमावले आणि ८ एप्रिल २०१९ रोजी मिनीआपोलिसमध्ये टेक्सस टेकला जादा वेळेत ८५-७७ असं हरवून अमेरिकेचं राष्ट्रीय विजेतेपद पहिल्यांदा मिळवलं. आदल्या वर्षी हाच संघ अव्वल मानांकित असताना सोळाव्या मानांकित यूएमबीसीकडून (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) ७४-५४ असा हरला होता. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. दोन्ही वर्षी प्रशिक्षक टोनी बेनेटच होते आणि बचावही तोच होता, पॅक लाइन. ही पद्धत त्यांच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, विस्कॉन्सिनमध्ये घडवली आणि त्याच पद्धतीवर २००० साली विस्कॉन्सिन विद्यापीठाला अंतिम चार संघांत नेलं.

आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन संघांना ही पद्धत चांगली मानवते. तिला उंच उडी मारणारे पाच खेळाडू लागत नाहीत. व्हर्जिनियाच्या विजेत्या संघात किहेई क्लार्क हा जेमतेम १७५ सेंटिमीटर उंचीचा, पहिल्या वर्षाचा गार्ड (बाहेरून खेळणारा, बॉल हाताळणारा खेळाडू) भरपूर मिनिटं खेळत होता. लागतं ते एवढंच: प्रत्येक पासवर पाचही जणांनी हलायचं, आणि नेमक्या जागी जाऊन थांबायचं.

आधी रेषा आखा

पॅक लाइन म्हणजे थ्री पॉइंट रेषेच्या आत, रिंगपासून सुमारे ४.९ मीटरवर धरलेला कंस. बॉल ज्याच्याकडे आहे त्याच्यावरचा बचावपटू बाहेर जाऊन दाब देतो. उरलेले चौघे या कंसाच्या आत असतात. झोनसारखं (माणूस न धरता जागा राखण्याच्या बचावासारखं) दिसतं, पण झोन नाही. प्रत्येकाचा माणूस ठरलेला असतो.

सरावाच्या पहिल्या दिवशी कंस खरोखर आखा. एंडलाइनच्या (रिंगमागच्या सीमारेषेच्या) आतल्या कडेपासून १५७.५ सेंटिमीटर आत, रिंगच्या बरोबर खाली, खडूने खूण करा. तिथे एकाने दोरीचं टोक धरायचं आणि दुसऱ्याने ४.९ मीटरवर खडू बांधून फिरायचं. सिमेंटच्या कोर्टवर खडू पुरतो. लाकडी कोर्टवर मास्किंग टेप वापरा, जोरदार चिकटणारी टेप वॉर्निश उचलते. आखणी बरोबर आली का हे तपासायला दोन जागा पाहा: फ्री थ्रो रेषेच्या मध्यावर कंस रेषेच्या सुमारे ६७ सेंटिमीटर पुढे यायला हवा, आणि रिंगच्या सरळ बाजूला पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) कडेपासून २.४५ मीटर बाहेर.

एक फरक ध्यानात ठेवा. व्हर्जिनियाच्या त्या हंगामात अमेरिकेतल्या कॉलेजांची थ्री पॉइंट रेषा ६.३२ मीटरवर होती. पुढच्या हंगामापासून ती पुरुषांसाठी ६.७५ वर गेली. आपण फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी ६.७५ वरच खेळतो. म्हणजे कंसापासून रेषेपर्यंतचं अंतर त्यांचं १.४२ मीटर होतं, आपलं १.८५. धावायला जवळजवळ अर्धा मीटर जास्त आहे. समोरच्या संघात दोन-तीन पक्के शूटर असतील तर कंस ५.२ मीटरवर आखा. त्याहून बाहेर जाऊ नका, कारण मग मधली फट रुंदावते आणि पद्धतीचा अर्थच उरत नाही.

दोन नियम मात्र आपल्या बाजूने आहेत. फिबात एनबीएसारखा बचावातला तीन सेकंदांचा नियम नाही, त्यामुळे मदतीचा खेळाडू पेंटमध्ये हवा तेवढा वेळ थांबू शकतो. शिवाय अमेरिकेतल्या कॉलेजांत एका हल्ल्याला, म्हणजे बॉल एकदा ताब्यात आल्यावर शॉट घ्यायला, ३० सेकंद मिळतात, इथे २४. तेवढा कमी वेळ रोखून धरावं लागतं.

बॉलवरचा खेळाडू

दाब खरा हवा. हाताच्या अंतरावर उभं राहायचं, एक हात बॉलच्या पातळीवर, छाती समोर. दाब ढिला पडला की समोरचा मान वर करून पूर्ण कोर्ट पाहतो आणि दूरच्या कोपऱ्यातला मोकळा शूटर शोधतो. पॅक लाइन कोसळते ती बहुतेक वेळा इथून.

बेसलाइनच्या, म्हणजे एंडलाइनच्या, बाजूने जाऊ द्यायचं नाही. अनेक प्रशिक्षक वर्षानुवर्षं ‘त्याला साइडला ढकल’ असं शिकवत आले आहेत. इथे उलट आहे. मदत मधे उभी आहे, म्हणून माणूस मधेच वळला पाहिजे. बेसलाइनने आत शिरला तर मदत कोपरा सोडून येते आणि कोपऱ्यातला थ्री मोकळा मिळतो. ही पद्धत राबवताना खाल्लेले गुण मोजलेत तर त्यात हा प्रकार वारंवार दिसेल.

उरलेले चौघे

एका पासच्या अंतरावरचा खेळाडू आपला माणूस आणि बॉल यांच्या मधल्या फटीत उभा राहतो, एक पाय कंसावर, हात पसरलेले, दोघेही नजरेत. दोन पास लांबचा खेळाडू थेट पेंटमध्ये, रिंगच्या रेषेपर्यंत आत येतो. बॉल हवेत असतानाच पाचही जणांनी नव्या जागेकडे उडी घ्यायची. बॉल हातात पडल्यावर हलणारा खेळाडू नेहमीच उशिरा पोहोचतो.

इथली सगळ्यात चिवट सवय म्हणजे पास अडवायला हात घालणं. स्टीलला (बॉल हिसकावण्याला) टाळ्या मिळतात, त्यामुळे शाळेपासून मुलं पासच्या वाटेत घुसायला शिकलेली असतात. पॅक लाइनमध्ये बाहेरून बाहेर जाणारा पास जाऊ द्यायचा असतो. स्टील कमी होतात, आणि सुरुवातीला खेळाडूंना वाटतं की आपण काहीच करत नाही आहोत. त्यांना दुसरा आकडा दाखवा: बॉल ड्रिबलने किती वेळा पेंटमध्ये आला. पहिल्या पंधरवड्यात तो आकडा खाली येताना दिसला की त्यांचा विश्वास बसतो.

क्लोजआऊट: सरावाचा सर्वांत जास्त वेळ इथे द्या

आतून बाहेर शूटरपर्यंत पोहोचणं हा या बचावाचा कणा आहे. पास देणाऱ्याच्या हातातून बॉल सुटला की निघायचं. अंतराचे पहिले दोन तृतीयांश पूर्ण वेगाने, शेवटच्या तिसऱ्या भागात बारीक पावलं, कंबर खाली, वजन मागे, दोन्ही हात वर. थांबायचं हाताच्या अंतरावर. पाय जमिनीवर. शूटरने शॉट घेतला तर हात त्याच्या डोळ्यांसमोर, पण त्याच्या उतरण्याच्या जागेत शिरायचं नाही.

चुका तीन प्रकारच्या होतात. पहिली, शेवटपर्यंत वेगात धावणं: समोरचा शॉटचा नुसता आव आणून बाजूने निघून जातो. दुसरी, कंसावरच थांबणं: शूटर निवांत मारतो. तिसरी, उडी मारून शूटरच्या अंगावर जाणं. या तिसऱ्या चुकीनेच व्हर्जिनियाला उपांत्य सामना मिळाला. ऑबर्न ६२-६० ने पुढे होता, ०.६ सेकंद उरले असताना व्हर्जिनियाचा काईल गाय थ्री मारत होता आणि ऑबर्नचा बचावपटू त्याच्या अंगावर गेला. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले: ६३-६२.

ड्रिल असं घ्या. बचावपटू रिंगखाली, आक्रमक थ्री पॉइंट रेषेबाहेर. प्रशिक्षक पास देतो, बचावपटू बाहेर पोहोचतो, आक्रमकाला शॉट किंवा दोनच ड्रिबलची मुभा. एकाचे पाच, मग बदली. रोज दहा मिनिटं, दमलेले असताना, म्हणजे सरावाच्या शेवटी. पाय ताजे असताना क्लोजआऊट सगळ्यांनाच जमतो.

स्क्रीन, पोस्ट, परतणं

बॉलवर स्क्रीन आली (दुसरा आक्रमक बॉलवरच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहिला) की उंच खेळाडूने हार्ड हेज करायचा: ड्रिबल करणाऱ्याच्या वाटेत आडवं येऊन दोन पावलं त्याला वर ढकलायचं आणि मग धावत पेंटमध्ये परतायचं. गार्ड स्क्रीनच्या वरून जातो. उलट बाजूचा उंच खेळाडू तेवढ्यापुरता रिंगकडे वळणाऱ्याला धरतो. व्हर्जिनियात हे काम जॅक सॉल्ट करायचा. गुणांच्या रकान्यात त्याचं नाव क्वचितच वर दिसे, पण बचाव त्याच्या पायांवर चालत होता. हेज उशिरा झाला तर दोघांमधली फट फोडून बॉल आत येतो. फार लवकर झाला तर स्क्रीन लावणारा स्क्रीन न लावताच रिंगकडे निसटतो. स्क्रीन लावणारा बाहेर थांबून थ्री मारणारा असेल तर हेज एकाच पावलाचा ठेवा.

पोस्टमध्ये (रिंगजवळ पाठ करून उभ्या आक्रमकाकडे) बॉल गेला की दुसऱ्या उंच खेळाडूने येऊन दुहेरी अडवायचं; गार्डने यायचं नाही, कारण त्याचा माणूस बहुधा शूटर असतो. बॉल हवेत असतानाच निघायचं.

आणि हे सगळं जागेवर उभं राहिल्याशिवाय सुरू होत नाही. म्हणून आपला शॉट सुटताक्षणी दोन्ही गार्ड, आणि बहुतेक वेळा तिसराही, मागे पळतात. काही आक्रमक रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचा बॉल परत मिळवणं) सुटतात, ते सोडायचे. बचावाकडच्या रिबाउंडला मात्र पाचही जणांनी आपापल्या माणसाला पाठीवर घ्यायचं. हेजनंतर कोण कुठे आहे याचा गोंधळ असतो. अशा वेळी जो जवळ असेल त्याला अडवा.

सराव कसा बांधायचा

दीड तासाच्या सरावातली पहिले तीन आठवडे ३५ मिनिटं बचावाला द्या. पहिला आठवडा चारास चार शेल ड्रिल, शॉट न मारता: चार जण बाहेर पास फिरवतात, प्रत्येक पासनंतर दोन सेकंद थांबतात, प्रशिक्षक जागा तपासतो. दुसऱ्या आठवड्यात थांबणं काढा, ड्रिबल आणि आडवा लांब पास सुरू करा. तिसऱ्यात पाचास पाच, सलग तीन हल्ले रोखल्याशिवाय बाजू बदलायची नाही. बॉल ड्रिबलने पेंटमध्ये आला तर तो हल्ला गेला असं धरा, गुण होवो न होवो. तिसऱ्या आठवड्यानंतर कंस पुसून टाका, नाहीतर खेळाडू जमिनीकडे पाहत खेळतात.

हात घालून केलेले फाउल याच काळात तोडा. फिबात प्रत्येक क्वार्टरमध्ये पाचव्या सांघिक फाउलपासून दोन फ्री थ्रो मिळतात. चांगला बचाव करून समोरच्याला फुकटचे गुण देण्यासारखं नुकसान नाही.

काय मोजायचं

फक्त किती गुण खाल्ले हे पाहून फसगत होते. व्हर्जिनिया सामन्यामागे ५६ च्या आसपास गुण देत होती, पण ती खेळतही होती अतिशय संथ, सामन्यात जेमतेम ६० हल्ले. हल्ल्यांचा हिशेब असा: मारलेले शॉट, वजा आक्रमक रिबाउंड, अधिक गमावलेले बॉल, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. समोरच्याने ५८ शॉट मारले, ९ आक्रमक रिबाउंड घेतले, १४ बॉल गमावले आणि १६ फ्री थ्रो घेतले तर हल्ले ७०. गुण ६३ दिले असतील तर हल्ल्यामागे ०.९०. हा आकडा ०.९५ च्या खाली ठेवता आला तर बचाव बसला म्हणा.

शेजारी आणखी एक रकाना ठेवा: समोरच्याचे थ्री, हात समोर असताना मारलेले आणि मोकळे मिळालेले, वेगळे. या पद्धतीची उघडी बाजू हीच आहे. यूएमबीसीविरुद्ध मध्यंतराला २१-२१ होतं. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने ५३ गुण केले. पूर्ण सामन्यात त्यांचे २४ पैकी १२ थ्री गेले, व्हर्जिनियाचे २२ पैकी ४. व्हर्जिनियाचा डिआंड्रे हंटर मनगट मोडल्यामुळे बाहेर होता. हल्ले कमी असले की पिछाडी भरून काढायला संधीही कमी मिळतात, आणि संथ खेळणाऱ्या प्रत्येक संघाने हा धोका आधीच हिशेबात धरायला हवा.

उपाय बचाव बदलणं हा नव्हता. पुढच्या वर्षी हंटर, गाय आणि टाय जेरोम हे तिघेही लांबून ४० टक्क्यांच्या आसपास किंवा वर मारत होते, त्यामुळे त्याच संथ खेळात प्रत्येक हल्ल्याची किंमत वाढली. म्हणून बचावावर ३५ मिनिटं घालवलीत तर शूटिंगवर किमान २५ घालवा.

समोरचा एक शूटर पेटला म्हणून सगळ्यांना बाहेर ओढू नका. परड्यूच्या कार्सेन एडवर्ड्सने व्हर्जिनियाविरुद्ध १० थ्रीसह ४२ गुण केले, पण त्याच्या बाकीच्या संघाला मिळून ३३ च मिळाले, आणि व्हर्जिनिया जादा वेळेत ८०-७५ ने जिंकली. अशा शूटरवर तुमचा सर्वांत लांब हातांचा बचावपटू लावा, त्याच्या शेजारच्या फटीतल्या खेळाडूला अर्धं पाऊल बाहेर आणा, बाकी तिघांना हलवू नका. अंतिम सामन्यात हंटर टेक्सस टेकच्या जॅरेट कल्व्हरवर होता. कल्व्हरचे २२ पैकी ५ च शॉट गेले.

पॅक लाइन मुद्दाम मोडायची वेळ एकच: शेवटचे १५-२० सेकंद, तुम्ही तीन गुणांनी पुढे. तेव्हा टाइमआउट घ्या आणि पाचही जणांना थ्री पॉइंट रेषेवर उभं करा. आत जाणाऱ्याला दोन गुण करू द्या, हात वर, पाय जमिनीवर, फाउल नको. बास्केट झाली की बॉल लगेच आत टाका, आणि तो तुमच्या सर्वांत पक्क्या फ्री थ्रो मारणाऱ्याकडेच जाईल हे टाइमआउटमध्येच ठरवून ठेवा. व्हर्जिनियाने अंतिम सामन्याच्या जादा वेळेत १२ पैकी १२ फ्री थ्रो टाकले होते.