गाजर गवत: कळी धरायच्या आत बांध मोकळे करा

मृगाच्या सरींवर उगवलेलं गाजर गवत आता बांधावर वीतभर झालंय. उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ते फुलावर येतं, म्हणजे पुष्य नक्षत्र लागेस्तोवर पांढऱ्या चांदण्या दिसू लागतील. एकदा फुललं की एका झाडाचं बी दहा ते पंचवीस हजारांच्या घरात जातं. जे करायचं ते त्याआधी.

वर्षानुवर्षं एकच हयगय पिकं खाताना पाहतोय. आत खुरपणी, कोळपणी वेळेवर आणि धुऱ्यावर कमरेएवढं गाजर गवत. विचारलं तर उत्तर ठरलेलं: बांध सामाईक आहे, शेजाऱ्यानं काढावं. शेजारीही तेच म्हणतो. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण याच गवतावर तग धरतो आणि मग कडेच्या ओळींतून आत सरकतो. सूर्यफुलाचा नेक्रोसिस आणि भुईमुगाची खोडमर ज्या विषाणूमुळे होते, तो याच्या परागात असतो. फुलकिडे तो पिकात नेतात, गवतावर मात्र रोगाची खूण दिसत नाही. टोमॅटो, मिरची, वांग्याच्या फुलांवर हा पराग बसला की फळधारणाही घटते. फवारण्या शेतात होत राहतात, मूळ बांधावरच उभं असतं.

ओळखायचं ते फुलाआधी. रोप लहान असताना गाजरासारखी चिरलेली, फिकट हिरवी, लवदार पानं जमिनीसरशी गोल पसरतात. नंतर मधून उभ्या रेषांचं केसाळ खोड वर येतं आणि फांद्या फुटतात. फूल बारीक, पांढरं, पाच कोपऱ्यांचं. मुरमाड बांधावर मात्र झाड टीचभर असतानाच कळी धरतं. 'अजून लहान आहे' म्हणून ते सोडू नका, सुरुवात तिथूनच करा. हे पुस्तकातलं नाही, पण मला दरसाल असंच दिसत आलंय.

विळ्यानं कापू नका. बुडखा राहिला की त्यातून पुन्हा फुटवे येतात आणि ते आधीपेक्षा लवकर फुलतात. चांगला पाऊस होऊन गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ओल असताना, मुळासकट उपटा. अंगभर कपडे, हातमोजे, नाका-तोंडाला रुमाल हवाच. याच्यानं अंगाला खाज, पुरळ आणि दमा होतो. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांना या कामाला लावूच नका.

बांधाबरोबर उरकायची कामं:
- गोठ्यामागचा उकिरडा
- विहिरीचा काठ, पाटाच्या कडा
- शिवाररस्ता, पडीक तुकडा
- फुलाआधी उपटलेलं कंपोस्ट खड्ड्यात
- फुललेलं पोत्यात भरून, वाळवून जाळणे

उपटलेल्या झाडावरही बी पिकतं, म्हणून फुललेलं उकिरड्यावर टाकू नका. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून तेच बी तुम्ही स्वतः शेतभर पसरवता.

आता तणनाशक औषधाचं. दुकानात गेलात की 'एका फवारणीत नायनाट' म्हणत महागडी बाटली पुढे येते. बांधाला तिची गरज नाही. बिगर पीक जागेसाठी मेट्रिब्युझिन 0.3 ते 0.5 टक्के अशी शिफारस आहे. तेही फुलाआधी, वारा पडलेला असताना आणि पिकापासून लांब. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंध आणले, तरी ते सर्रास हातात दिलं जातं. त्याचा तुषार उभ्या पिकावर गेला तर पीक जळतं. कपाशी, द्राक्ष, टोमॅटोशेजारी 2,4-डी तर नकोच. नुसत्या वाफेनं कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. 15 ते 20 टक्के मिठाचं पाणीही चालतं, पण ते फरशीच्या नि रस्त्याच्या कडेला. बांधावर मारलं तर माती खारावते.

पडीक रानात पानांची चाळण झालेली दिसली तर तिथे फवारू नका. तो मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेषा असतात. 1984 साली हे भुंगे मुद्दाम भारतात सोडले गेले आणि पावसाळाभर ते हेच गवत खातात. पकडून डबीत भरा आणि जिथे गवत दाट आहे तिथे सोडा.

मोकळ्या झालेल्या बांधावर टाकळा येऊ द्या. तो दाट असला की गाजर गवत दबतं. त्याच्या शेंगा वाळल्या की बी झाडून ठेवा आणि पुढच्या वर्षी मृगाआधी उरलेल्या बांधावर फेका. सामाईक बांधावर मात्र याच आठवड्यात दोन्ही घरची माणसं एकाच दिवशी उतरवा. एकानं काढून दुसऱ्यानं ठेवलं तर बी दोघांच्याही शेतात पडतं.