इंग्लंडमधल्या खेड्यातली जुनी कुटुंबं शोधताना या चुका टाळा

इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यात जुनं घर घेतलं, की आपल्या आधी इथे कोण राहत होतं हा प्रश्न पडतोच. चर्चच्या नोंदवह्या आणि जनगणनेची पानं आता घरबसल्या पाहता येतात, त्यामुळे बरेच जण शोधाला लागतात आणि ठरावीक ठिकाणीच फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपल्या मनातलं गाव तिथे नेऊन ठेवणं. पिढ्यान्‌पिढ्या तीच घराणी, आजी-आजोबा, काका-पुतणे एका छपराखाली, मुलीचं लग्न सोळाव्या वर्षी. इंग्लंडच्या खेड्यात यातलं फारसं काही सापडत नाही.

नॉटिंगहॅमशायरमधलं क्लेवर्थ घ्या. तिथले रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचे मुख्य धर्मगुरू, विल्यम सॅम्पसन यांनी 1676 मध्ये आणि पुन्हा 1688 मध्ये गावातल्या माणसांची घरवार यादी केली. पहिल्या यादीत 401 माणसं, दुसरीत 412. नुसता आकडा पाहिला तर गाव जागच्या जागी आहे असं वाटेल. नावं ताडून पाहिली तर पहिल्या यादीतली सुमारे 60 टक्के माणसं दुसरीत नाहीतच. काही वारली, पण त्याहून जास्त गाव सोडून गेली होती.

याचं मुख्य कारण कामाची रीत. चौदा-पंधरा वर्षांचं पोर घर सोडून दुसऱ्या शेतकऱ्याकडे सालगडी म्हणून राहायला जायचं. मुलीही जायच्या. जेवण-राहणं मालकाकडे, मजुरी वर्षाअखेरीला, आणि वर्ष भरलं की पुष्कळदा दुसरं शेत, दुसरं गाव. स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटण्याइतकी पुंजी जमल्याशिवाय लग्न होत नसे. म्हणून बायकांचं पहिलं लग्न साधारण पंचविशीत व्हायचं. डेव्हनमधल्या कोलिटनमध्ये तर 1647 ते 1719 या काळात ही सरासरी जवळजवळ 30 वर्षांवर गेली होती.

तेव्हा शेतकऱ्याच्या घरात वेगळ्या आडनावाची तीन-चार तरुण माणसं दिसली, तर त्यांना भाचे किंवा दत्तक मुलं ठरवू नका. बहुधा ते गडी आणि मोलकरणी असतात. आणि एखादा मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षी कागदांतून नाहीसा झाला, तर तो वारला असंही लिहून टाकू नका. आधी दहा-पंधरा मैलांच्या परिसरातल्या गावांच्या वह्या पाहा. 1662 च्या कायद्याने प्रत्येक गरिबाची जबाबदारी कुठल्या ना कुठल्या पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर, टाकली होती. परका माणूस आपल्यावर बोजा होईल असं वाटलं, की त्याची जबानी घेत: जन्म कुठला, कुणाकडे किती वर्षं राबला, लग्न कुठे झालं. अशी जबानी हाती लागली तर एरवी कुठेही नोंद नसलेल्या मजुराचं अर्धं आयुष्य समोर येतं. स्थानिक अभिलेखागारात हे कागद आवर्जून मागा.

तारखांचा घोळ

लग्न मे 1688 मध्ये आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1688 मध्ये, असं दिसलं की लोक लगेच भलता निष्कर्ष काढतात. इंग्लंडमध्ये 1752 पूर्वी नवं वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचा आहे, म्हणजे आपल्या हिशेबाने 1689 चा. वहीत आहे तसंच उतरवा आणि शेजारी 1688/89 अशी नोंद ठेवा.

शिवाय ही तारीख बाप्तिस्म्याची आहे, जन्माची नव्हे. कधी कधी तीन भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी उरकलेला असतो. त्यांना तिळं समजू नका. जन्ममृत्यूची सरकारी नोंद 1 जुलै 1837 पासूनची. त्याआधी क्वेकर किंवा बॅप्टिस्ट अशा, अधिकृत चर्चबाहेरच्या पंथांच्या घरातली मुलं पॅरिशच्या बाप्तिस्म्यांत सहसा सापडत नाहीत, त्यांच्या वह्या वेगळ्या.

जनगणना वाचताना

1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे 34 वर्षांचा माणूस 30 चा दिसतो. नातं लिहिलेलंच नाही. ते 1851 पासून मिळतं. त्यामुळे एकाखाली एक आलेले पुरुष आणि बाई नवरा-बायकोच असतील असं नाही, बहीण-भाऊही असू शकतात. पानावरच्या बारीक तिरप्या रेघांकडे लक्ष द्या. घर संपलं की दोन रेघा, त्याच घरात दुसरं कुटुंब सुरू झालं की एक. ही एक रेघ नजरेतून सुटली, की दोन बिऱ्हाडांचं एक मोठं कुटुंब तयार होतं.

बायकांच्या नावापुढे धंद्याची जागा कोरी दिसते, म्हणून त्या नुसत्या घरात बसून होत्या असं मानणं मला सगळ्यात जास्त खटकतं. 1841 मध्ये तर बायकोचा धंदा लिहिण्याची गरज नाही अशी सूचनाच होती. प्रत्यक्षात बेडफर्डशायरमध्ये बाया आणि लहान मुलं टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या वेण्या विणायची, पूर्व डेव्हनमध्ये लेस. कापणीनंतर शेतात पडलेला सरवा वेचणं हेही त्यांचंच काम. काही गावांत चर्चची घंटा झाल्याशिवाय शेतात पाऊल टाकायचं नाही असा दंडक होता. त्या सरव्यावर गरीब घरात कित्येक आठवड्यांचं पीठ निघायचं. हे जनगणनेत शोधू नका. पॅरिशचे हिशेब, मजुरीच्या वह्या, शाळेची रोजनिशी पाहा. सुगीच्या दिवसांत पोरं शाळेत का नव्हती, ते तिथे लिहिलेलं असतं.

नावांबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मूल दगावलं तर पुढच्या मुलाला तेच नाव ठेवायची पद्धत होती, म्हणून बाप्तिस्म्याबरोबर दफनाची वहीही तपासा. आणि सिनिअर-ज्युनिअर म्हणजे बाप-लेकच असं नाही. एकाच नावाची दोन माणसं गावात असली तरी तसं लिहीत.

एवढं करूनही 19व्या शतकातला एखादा तरुण सापडत नसेल, तर तो सैन्यात भरती होऊन हिंदुस्थानात आला होता का ते पाहा. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस (हिंदुस्थानचा कारभार पाहणारं लंडनमधलं खातं) दप्तरात आहेत. शोधताना रेजिमेंटचं नाव हाताशी ठेवा, आणि पुणे-खडकीची स्पेलिंग तेव्हाच्या पद्धतीने (Poona, Kirkee) टाका.