पडका वाडा पाहायला जाण्यापूर्वी

ओस पडलेले वाडे आणि जुने बंगले आतून पाहण्याचा छंद असणाऱ्यांनी साप आणि वाळवी यांच्याही आधी गावाच्या नजरेचा विचार करावा. पडक्या वाड्यात विजेरी घेऊन फिरणारा अनोळखी माणूस गुप्तधन शोधायला किंवा सागवानी खांब आणि नक्षीच्या चौकटी हेरायला आला असावा, असेच लोकांना वाटते, आणि अशा चोऱ्या होत असल्यामुळे तो संशय निराधार म्हणता येत नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले होते. अफवेच्या काळात अनोळखी असणे किती महागात पडते, हे त्यावरून कळावे.

म्हणून दिवसाउजेडी जावे, आणि आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटावे. गावठाणातील घर कोणाच्या नावावर आहे, हे ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरून, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीवरून, समजते. मात्र बहुतेक वाड्यांत भाऊबंदांचे हिस्से असतात, तेव्हा एकाने दिलेली तोंडी परवानगी दुसऱ्याला मान्य असेलच असे नाही, ती लेखी घेतलेली बरी. कुलूप नसणे म्हणजे परवानगी नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. त्यासाठी गैरहेतू सिद्ध व्हावा लागतो हे खरे, पण तो नव्हता हे पोलीस ठाण्यात समजावत बसण्याची हौस कोणाला असेल?

पावसाळ्यात आणि त्यानंतर भिंती वाळेपर्यंत जाऊ नये, कारण भिजलेल्या माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, वजन फार वाढते आणि मातीच्या भिंती उन्हे पडल्यावरही ढासळतात. माडीवर भिंतीच्या कडेने चालावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पुरेसा वाटत नाही, कारण तुळईचे भिंतीत रुतलेले टोकच ओलीने आणि वाळवीने आधी कुजते. खालून तुळयांची टोके दिसत नसतील तर माडीचा मोह सोडावा. पेवात (धान्य साठवण्याच्या जमिनीखालच्या खड्ड्यात) किंवा बंद तळघरात मुळीच उतरू नये. तिथे प्राणवायू कमी असू शकतो, आणि पहिल्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच कोसळतो.

घोट्यावर येणारे बूट घालावेत, फटीत हात घालू नये. सर्पदंश झाल्यास जखम कापण्यात वा आवळून बांधण्यात वेळ न घालवता, प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. छायाचित्रे प्रसिद्ध करताना गावाचे नाव मालकाला विचारूनच द्यावे, कारण चौकटी हेरणारेही ती पाहत असतात.