सम्राट अशोकावर लिहिताय? या चुका टाळा

बुद्धपौर्णिमा जवळ आली की मुलांची भाषणं आणि स्मरणिकेचे लेख माझ्याकडे तपासायला येतात. सुरुवात बहुतेक ठरलेली असते: कलिंगाच्या रणांगणावर अशोकाने तलवार टाकली आणि तिथेच तो बौद्ध झाला. हे वाक्य आधी खोडा. मध्य प्रदेशातल्या रूपनाथच्या लघुशिलालेखात (त्याच्या छोट्या लेखांपैकी एका) तो स्वतःच सांगतो, की उपासक, म्हणजे बुद्धाचा गृहस्थ अनुयायी, होऊन अडीच वर्षांहून जास्त काळ झाला, पण आधी मी फारसा झटलो नाही. संघाकडे गेलो तेव्हापासून नेटाने लागलो. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी आपली ढिलाई दगडावर कोरून ठेवतो! मला हे तलवार टाकण्याहून मोठं वाटतं.

दुसरी चूक म्हणजे ‘धौलीच्या शिलालेखात कलिंगाचा पश्चात्ताप आहे’ असं लिहिणं. एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पकडून नेली, हा मजकूर तेराव्या शिलालेखातला. (अशोकाचे 14 मोठे लेख ठिकठिकाणी कोरलेले आहेत, त्यांतला हा तेरावा.) खुद्द कलिंगात (आजच्या ओडिशात), धौली आणि जौगडला, तो कोरलेलाच नाही. तिथे अधिकाऱ्यांसाठी वेगळे लेख आहेत, आणि त्यांत ‘सर्व माणसं माझी लेकरं’ हे वाक्य आहे. तेरावा लेख वाचायचा तर शाहबाजगढी (आता पाकिस्तानात) किंवा कालसीची (उत्तराखंड) प्रत घ्या.

‘धम्म’ शब्द दिसला की तिथे सरसकट ‘बौद्ध धर्म’ लिहू नका. मोठ्या 14 शिलालेखांत आईवडिलांची सेवा, दास-नोकरांशी नीट वागणूक, जिवांची हिंसा टाळणं हे आहे. चार आर्यसत्यं किंवा निर्वाण नाही. मग तो बौद्ध होता कशावरून? राजस्थानातल्या बैराटला सापडलेला भाब्रू लेख बघा. त्यात बुद्ध, धम्म, संघ या तिघांवरची श्रद्धा तो बोलून दाखवतो आणि भिक्खूंनी ऐकावीत अशी सात प्रवचनं नावानिशी सांगतो. बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलाला, खोटं बोलण्याबद्दल केलेला उपदेश त्यातलाच. लुंबिनीचा स्तंभ तर फार थोडक्यात बोलतो: ‘हिद बुधे जाते’, इथे बुद्ध जन्मले, म्हणून गावाचा ‘बली’ हा कर माफ आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा. राजाश्रय कसा असतो ते दाखवायला मी हेच उदाहरण देतो.

आश्रय फक्त बौद्धांना होता, हेही चूक. बिहारमधल्या बराबरच्या टेकडीतली लेणी त्याने आजीविक या वेगळ्या पंथाच्या साधूंना दिली. 84,000 स्तूप, 99 भावांचा वध या कथा लेखांत नाहीत. त्या सांगायच्या तर परंपरेच्या नावानेच सांगा. भावांच्या घरच्यांचा उल्लेख तर पाचव्या लेखात आहे, त्यामुळे वधाच्या कथेवर शंका येते.

आणि अशोक आपल्यापासून लांबचा, असं समजू नका. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना मिळाला, नवव्याचा 1956 मध्ये. आठवा लेख सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात. अशोक मात्र अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सोपाऱ्याचा दगड आहे. लेख लिहायला बसण्याआधी मुलांना तिथे घेऊन जा.