हाइंग न्गोर खून प्रकरण स्वतः अभ्यासायचं असेल तर सुरुवात कुठून करायची

२५ फेब्रुवारी १९९६, रविवार, लॉस एंजेलिसचं चायनाटाउन. डॉ. हाइंग न्गोर आपल्या अपार्टमेंटपाशी पोचलेले, आणि तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. वय ५५. कंबोडियात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेच्या राज्यातून जिवंत सुटलेला माणूस, 'द किलिंग फील्ड्स' या चित्रपटातल्या भूमिकेसाठी १९८५ ला ऑस्कर मिळालेला, आणि गेला तो स्वतःच्या घराच्या दारात. १९९८ मध्ये एका स्ट्रीट गँगमधल्या तिघांना शिक्षा झाली तरी "यामागे नक्की कोण होतं" हा प्रश्न लोक अजून सोडत नाहीत. मीही सोडलेला नाही. तुम्हालाही यात शिरायचं असेल तर मी ज्या पद्धतीने जातो ती सांगतो.

पहिलं काम म्हणजे दोन वह्या करा. एकीत त्यांचं आयुष्य, दुसरीत फक्त ती रात्र. हे मी फार आग्रहाने सांगतोय कारण या केसमध्ये सगळे इथेच घसरतात, आयुष्य एवढं मोठं आहे की मारेकरीही तेवढाच मोठा असणार असं आपलं मन आधीच ठरवून टाकतं आणि मग आपण पुरावा बघत नाही, फक्त त्याला साजेसा शेवट शोधत बसतो.

आयुष्याच्या वहीत काय येईल? ते कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सर्जन होते. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूजनी शहर घेतलं आणि शिकलेल्या माणसांना वेचून मारायला सुरुवात झाली, तेव्हा जीव वाचवायला त्यांनी आपण डॉक्टर आहोत हेच लपवलं. बायको, माय-हुओय, बाळंतपणात अडली, आणि स्वतः बाळंतपणं करणारा हा डॉक्टर तिच्याजवळ असूनही ऑपरेशन करू शकला नाही, कारण ओळख उघड झाली असती तर सगळेच मेले असते. ती गेली, बाळही गेलं. तिचा फोटो लावलेलं सोन्याचं लॉकेट ते पुढे गळ्यात घालायचे. हे लॉकेट दोन्ही वह्यांत येतं म्हणून त्याला वेगळी खूण करून ठेवा.

आता दुसरी वही. इथे विशेषण एकही नको. एका बाजूला काय गेलं ते लिहा, दुसऱ्या बाजूला काय राहिलं ते. गेलं त्यात रोलेक्स घड्याळ आणि लॉकेट. राहिलं त्यात सुमारे २,९०० डॉलर रोख. कट होता म्हणणारे या रोख रकमेवरच बोट ठेवतात, चोर असते तर पैसे सोडले असते का म्हणून. प्रश्न रास्त आहे पण तेवढ्यावर थांबू नका. झटापट झाली, गोळ्या सुटल्या, आवाज झाला, की लुटायला आलेले खिसे तपासत बसतात की पळतात? आणि उलटंही विचारा, सुपारी घेऊन आलेला माणूस घड्याळ कशाला नेईल? एकच गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येत असेल तर ती पुरावा म्हणून कमकुवत, तसं समोर लिहून ठेवा.

मग कोर्टाची कागदपत्रं, आणि यात सगळ्यात जास्त वेळ घाला. सरकारी पक्षाचं म्हणणं असं की न्गोरनी घड्याळ दिलं पण लॉकेट द्यायला नकार दिला म्हणून गोळ्या झाडल्या. तिघांपैकी एकाचा दोषनिर्णय २००४ मध्ये फेडरल कोर्टाने फिरवला आणि २००५ मध्ये नाइन्थ सर्किट अपील कोर्टाने तो परत कायम केला. हा अपिलाचा निकाल ऑनलाइन फुकट वाचता येतो आणि तो वाचाच, कारण भांडण नेमकं वरच्याच मुद्द्यावर होतं: सरकारी वकिलाने शेवटच्या भाषणात न्गोरांची जीवनकहाणी सांगून ज्युरीच्या भावनेला हात घातला का? म्हणजे वह्या मिसळल्या की काय होतं ते कोर्टातसुद्धा दिसलं.

आता ख्मेर रूजचा अँगल. टाळायचा अजिबात नाही. १९९६ मध्ये ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट जिवंत होता, संघटना जंगलात तग धरून होती, आणि न्गोर त्या लोकांना कोर्टात उभं करा म्हणून उघड बोलत होते. म्हणजे हेतू होता. आणि २००९ मध्ये दुच, म्हणजे ख्मेर रूजच्या तुओल स्लेंग तुरुंगाचा प्रमुख, त्या राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी नॉम पेन्हमध्ये त्याच्यावर चाललेल्या खटल्यात म्हणाला की न्गोरना पोल पॉटच्या हुकमावरून मारलं. अमेरिकन तपास अधिकाऱ्यांना ते पटलं नव्हतं. पण त्यांचंही म्हणणं आयतं घेऊ नका, स्वतः तपासा: हे दुचला कसं कळलं? १९९६ च्या सुमारास तो नाव बदलून राहत होता, पोल पॉटच्या गोटात नव्हता, म्हणजे पाहिलेलं नाही, ऐकीव. त्या कोर्टाच्या सुनावण्यांचे ट्रान्सक्रिप्ट इंग्रजीतही मिळतात, बातमीतल्या एका ओळीवर न जाता मागचं-पुढचं वाचा. आणि हेतू सापडला म्हणजे हात सापडला असं नाही, चायनाटाउनमधल्या त्या तीन पोरांपर्यंत हुकूम पोचवणारा एक तरी दुवा दाखवता आला पाहिजे, एक फोन, एक निरोप, पैशाची एक देवाणघेवाण. जोवर तो नाही तोवर ख्मेर रूजचा रकाना रिकामाच ठेवा.

योगायोगांचं एक वेगळं पान करा. दोषी ठरवल्याचा निकाल १६ एप्रिल १९९८ ला आला आणि पोल पॉट मेला १५ ला. अंगावर काटा येतो, पण त्यातून सिद्ध काहीच होत नाही.

शोधताना नावं नीट टाका. ख्मेर नावात आडनाव आधी येतं आणि स्पेलिंगं बदलतात, दुचच्या खऱ्या नावाने, कांग गेक इआव म्हणून, वेगळे निकाल येतात. खुनानंतरच्या पहिल्या आठवड्याच्या बातम्या आणि १९९८ च्या खटल्याच्या बातम्या शेजारी ठेवून वाचा, कोणता तपशील मधेच गायब झाला किंवा फुगला ते लगेच दिसतं.

आणि एक विनंती. नातेवाइकांना, साक्षीदारांना शोधून मेसेज करू नका. त्या वस्तीतले कित्येक जण स्वतः युद्ध आणि छळातून पळून आलेले, गणवेशातल्या माणसासमोर बोलणं म्हणजे काय हे त्यांना फार वाईट रीतीने माहीत आहे. शिक्षा झालेल्यांच्या घरच्यांनाही सोडा. जे काढायचं ते कागदातून काढा.

माझ्या दुसऱ्या वहीत लॉकेटची ओळ अजून उघडी आहे. ते कधीच मिळालं नाही. घड्याळ विकायला नेतात हे समजतं, पण आत एका बाईचा फोटो असलेलं लॉकेट कोणी घेतलं असेल तर त्याने त्या फोटोचं काय केलं, हे मी दर वेळी वही उघडली की परत लिहितो.