केबल सोडून इंटरनेटवर लाइव्ह टीव्ही: सेवा कशी निवडावी

जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा चॅनल्सचा असतो आणि निवड करताना सर्वांत कमी उपयोगी पडतो तोही तोच. दोनशे चॅनल्स आहेत, पण घरात रोज लागणारं तेवढं एक नाही, तर त्या दोनशेंचं करायचं काय? म्हणून सेवांची तुलना नंतर. आधी घरात खरोखर काय पाहिलं जातं ते लिहून काढा.

टीव्हीजवळ एक कागद ठेवा. कोणी, किती वाजता, कोणतं चॅनल लावलं ते आठवडाभर टिपा. यादी अपेक्षेपेक्षा बरीच छोटी निघते. मग प्रत्येक नावापुढे खूण करा: हे लाइव्हच लागतं, की नंतर पाहिलं तरी चालतं? बातम्या आणि सामने लाइव्ह लागतात. मालिका आणि चित्रपट बहुधा थांबू शकतात, आणि ते वाहिनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर कमी पैशांत किंवा जाहिरातींसह फुकट मिळण्याची शक्यता बरीच असते. लाइव्हच्या रकान्यात तीन-चार नावंच उरली, तर मोठं पॅक घ्यायचं कारणच राहत नाही.

यादी सेवेशी ताडून पाहताना

नुसतं नाव जुळलं म्हणून पुढे जाऊ नका. ते चॅनल तुमच्या भागासाठी आहे का, हे सेवेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पिन कोड टाकून बघा. प्रादेशिक आवृत्त्या भागागणिक बदलतात. ते एचडीत आहे का, तेही बघा. आणि खेळ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून तपासावी. टीव्हीवरच्या प्रक्षेपणाचे हक्क आणि इंटरनेटवरचे हक्क कित्येकदा वेगवेगळ्यांना विकलेले असतात. अशा वेळी चॅनल यादीत असतं, एरवी दिसतंही, पण सामना सुरू झाला की पडद्यावर ‘हा कार्यक्रम इथे उपलब्ध नाही’ अशी पाटी येते. तेव्हा चॅनलचं नाव न शोधता स्पर्धेचं नाव शोधा: या मोसमाचे इंटरनेटचे हक्क कोणाकडे आहेत?

वर्षाचे पैसे एकदम भरून सवलत घेण्याचा मोह आवरा. सेवा आणि वाहिन्या यांच्यातले करार संपतात, वाटाघाटी फिसकटतात आणि चॅनल्स रातोरात गायब होतात. अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये डिस्नेची चॅनल्स, त्यात खेळांचं ईएसपीएनही, यूट्यूब टीव्ही या लाइव्ह टीव्हीच्या सेवेवरून उतरली होती. करार झाल्यावर परत आली. तिथलीच प्लेस्टेशन व्ह्यू ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२० मध्ये बंदच पडली. महिन्याच्या बोलीने घेतलं की फार तर एका महिन्याचं नुकसान.

तुमच्या भागात जमिनीवरून फुकट डिजिटल प्रक्षेपण होत असेल, तर अँटेनाचा विचार जरूर करा. छपरावर किंवा खिडकीत लावलेला साधा अँटेना मुख्य वाहिन्या एचडीत देऊ शकतो, त्याला इंटरनेट लागत नाही आणि चित्र उशिराही येत नाही. त्या वाहिन्या अँटेनावर घेतल्या की सेवेचं लहान पॅक पुरतं. वादळात इंटरनेट गेलं तरी बातम्या चालू राहतात, हा फायदा वेगळाच.

इंटरनेट: बहुतेक तक्रारींचं मूळ

‘चित्रपट झकास चालतात, लाइव्ह मात्र अडकतं’ ही तक्रार नेहमीची, आणि तिचं कारण साधं आहे. चित्रपट आधीपासून तयार असतो, त्यामुळे अ‍ॅप पुढचा बराचसा भाग आधीच उतरवून ठेवतं; मध्ये अर्धा मिनिट इंटरनेट मंदावलं तरी कळत नाही. लाइव्हमध्ये पुढचा भाग अजून घडलेलाच नसतो. हाताशी साठा असतो तो काही सेकंदांचा. त्यामुळे इथे सर्वाधिक वेगापेक्षा न डळमळणारा वेग महत्त्वाचा.

एचडी चित्राला साधारण ५ ते ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, इंटरनेटच्या वेगाचं माप) लागतात, ४केला, म्हणजे एचडीहूनही बारीक चित्राला, १५ ते २५. दोन टीव्ही एकाच वेळी एचडीत चालणार असतील आणि शिवाय फोन, लॅपटॉप असतील, तर संध्याकाळी हमखास मिळणारे २५-३० एमबीपीएस पुरतात. पॅकवर छापलेला वेग नव्हे, मिळणारा वेग. तो मोजायचा कसा, तर रात्री ८ ते ११ दरम्यान, तीन वेगवेगळ्या दिवशी, दोन ठिकाणी: एकदा राउटरला केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर, आणि एकदा टीव्हीवरच, त्याच्या ब्राउझरमधून किंवा वेगचाचणीच्या अ‍ॅपमधून. सोफ्यावर बसून फोनवर मोजलेला वेग टीव्हीला मिळतोच असं नाही.

लॅपटॉपवर वेग चांगला आणि टीव्हीवर वाईट, तर दोष वायफायचा. दोन्हीकडे सकाळी चांगला आणि रात्री वाईट, तर कंपनीची लाइनच त्या वेळी तुंबते. तिथे सेवा बदलून काही होणार नाही, इंटरनेट बदलावं लागेल. आणि वेग ठीक असूनही कोणी फोनवरचे फोटो क्लाउडवर चढवायला लागलं की टीव्ही अडकत असेल, तर अपलोड, म्हणजे घरातून बाहेर पाठवण्याची वाट, भरून जातं आहे. राउटरमध्ये टीव्हीला प्राधान्य देण्याची सोय असते, ती चालू करा किंवा बॅकअप रात्री उशिराचा लावा.

वायफायचा दोष असेल तर सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर. बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून वेगचाचणीत वायफाय जिंकलेलं दिसेल. त्याकडे दुर्लक्ष करा. १०० एमबीपीएस टीव्हीला भरपूर झाले आणि वायरीवर चढउतार होत नाहीत. वायर टाकणं शक्यच नसेल तर टीव्ही वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडा. २.४चा पट्टा लांब जातो खरा, पण शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या सगळ्यांची गर्दी त्याच पट्ट्यावर असते. ५चा पट्टा भिंतींना लवकर दबतो. मध्ये दोन जाड भिंती असतील तर मेश राउटर, म्हणजे घरात दोन-तीन ठिकाणी ठेवून एकच वायफाय पसरवणारा संच, घ्यावा लागेल.

डेटाची मर्यादाही तपासा. ६ एमबीपीएसने एक तास टीव्ही म्हणजे २.७ जीबी. रोज पाच तास धरले तर महिन्याला ४०५ जीबी, आणि दोन टीव्ही असतील तर ८१०. ४केला २५ एमबीपीएस धरले तर तासाला ११ जीबीहून जास्त. केबलच्या सवयीने टीव्ही नुसता चालू ठेवून घरात वावरणाऱ्यांची मर्यादा महिना संपायच्या आत संपते, आणि मग वेग असा घटतो की दोष सेवेलाच दिला जातो.

टीव्हीला काय जोडायचं

टीव्ही चार-पाच वर्षांहून जुना असेल तर त्याच्या आतल्या अ‍ॅपवर विसंबू नका. जुन्या टीव्हींना अपडेट मिळणं थांबतं आणि एक दिवस अ‍ॅप उघडतच नाही. टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावून अशा सेवा चालवणारी वेगळी स्टिक किंवा बॉक्स घेणं बरं. टीव्ही बदलावा लागत नाही. फक्त घ्यायच्या आधी निवडलेल्या सेवेच्या ‘चालणारी उपकरणं’ या यादीत नेमकं तेच मॉडेल आहे का, हे पाहा. अनोळखी नावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स इथे फसवतात. वाइडव्हाइन या कॉपीसंरक्षणाची एल१ पातळी त्यात नसेल, तर बॉक्सवर ४के छापलेलं असूनही बऱ्याच सेवा त्याला एचडीदेखील देत नाहीत, चित्र एसडीतच, म्हणजे जुन्या साध्या दर्जातच, राहतं. ४केसाठी टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला आणि मध्ये साउंड रिसीव्हर असेल तर त्यालाही एचडीसीपी २.२ (एचडीएमआयवरचं कॉपीसंरक्षण) लागतं. साखळीतलं एक उपकरण जुनं असलं की एकतर ४के मिळत नाही किंवा पडदा काळा होतो.

स्टिक टीव्हीच्या यूएसबी पोर्टवर चालवू नका. जुन्या प्रकारचं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतं, स्टिकला बहुधा त्याहून जास्त लागतं. मग ती मध्येच आपोआप रीस्टार्ट होत राहते. सोबत आलेला अडॅप्टर भिंतीत लावा. आणि ती टीव्हीच्या पाठीला घट्ट चिकटलेली असेल तर वायफाय अडतं. वीतभर लांबीची एचडीएमआय एक्सटेन्शन लावून तिला थोडं बाहेर काढा.

आता एक सेटिंग, जे फार थोडे लोक बदलतात. युरोप आणि आशियाच्या मोठ्या भागात टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० किंवा २५ फ्रेमचं (एकामागून एक दाखवलेल्या स्थिर चित्रांचं) असतं, उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये ६० किंवा ३०चं. बऱ्याच स्टिक मात्र कारखान्यातून ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमवर, लावूनच येतात. ५० फ्रेम ६०मध्ये बसवायच्या तर दर पाच फ्रेममागे एक दोनदा दाखवावी लागते, म्हणजे सेकंदाला दहा बारीक झटके. चेंडू सीमारेषेकडे धावताना किंवा बातम्यांची खालची पट्टी सरकताना ते डोळ्यांना खुपतात आणि माणूस इंटरनेटला नावं ठेवत बसतो. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन फ्रेम रेट जुळवण्याचा पर्याय चालू करा. तो नसेल किंवा अ‍ॅप तो मानत नसेल, तर रिझोल्यूशन हाताने ५० हर्ट्झचं निवडा. त्यानंतरही पट्टी अडखळतच सरकत असेल, तर सेवा स्वतःच कमी फ्रेम पाठवते आहे असं समजा. खेळासाठी ती सेवा बाद.

उशीर

इंटरनेटवरचं लाइव्ह उशिराच येतं. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे करून पाठवले जातात, एकेक तुकडा साधारण ६ सेकंदांचा. प्लेअर असे तीन तुकडे हाताशी आल्याशिवाय सुरू होत नाही. इथेच १८ सेकंद गेले, वर सर्व्हरवरची प्रक्रिया. केबलच्या मागे अर्धा मिनिट राहणं नेहमीचंच. ज्यांना शेजारच्या घरातल्या आरोळीवरून निकाल कळलेला चालत नाही, त्यांनी त्या एका चॅनलसाठी अँटेना ठेवावा आणि फोनवरच्या धावफलकाच्या सूचना सामन्यापुरत्या बंद कराव्यात. सेवेच्या फुकट चाचणीच्या काळात हा उशीर मोजून घ्या: केबल एका टीव्हीवर, सेवा फोनवर, आणि हातात स्टॉपवॉच.

अटींमधलं बारीक

एका खात्यावर एकाच वेळी किती पडदे चालतात, ते बघा. केबलवर एका वायरीतून फाटे काढून प्रत्येक खोलीत टीव्ही चालतो. इथे प्रत्येक टीव्हीला उपकरण लागतं आणि चालू असलेला प्रत्येक पडदा मोजला जातो.

क्लाउडवरचं रेकॉर्डिंग किती तास साठतं, किती दिवस राहतं, जाहिरात पुढे ढकलता येते का, कोणत्या चॅनलवर रेकॉर्डिंगच चालत नाही, हे चारही प्रश्न वेगवेगळे आहेत. सामना रेकॉर्ड करताना शेवटची वेळ तासभर वाढवता येते का, तेही बघा, नाहीतर नेमकी शेवटची षटकं राहून जातात. सेवा बंद केली की रेकॉर्डिंगही जातं.

सेवा तुमचं ठिकाण इंटरनेटच्या पत्त्यावरून ओळखते. मोबाइल नेटवर्कवर चालणारा घरगुती राउटर असेल, तर तो कधीकधी तुम्हाला भलत्याच शहरात दाखवतो आणि दुसऱ्याच भागाच्या बातम्या लागतात. प्रवासात आणि परदेशात काय चालतं, हेही अटींमध्ये दिलेलं असतं.

चाचणी, मग केबलला रामराम

फुकट चाचणीचे दिवस एखाद्या मोठ्या सामन्याच्या आठवड्यात येतील असे धरा. दुपारी निवांत वेळी सगळ्याच सेवा छान चालतात. सामन्याच्या रात्री काय होतं, तेच बघायचं असतं. रिमोट मात्र घरातल्या तंत्र कळणाऱ्या माणसाच्या हातात देऊ नका. जो रोज सर्वांत जास्त टीव्ही पाहतो, आकडा दाबून चॅनल लावतो, त्याला चालवू द्या. बहुतेक सेवांमध्ये चॅनलला क्रमांकच नसतात. आवडत्यांची यादी वरती लावता येते का, टीव्ही सुरू केल्यावर थेट शेवटचं चॅनल लागतं का, यावर त्याचा निर्णय ठरेल. काही तासांनी ‘अजून पाहताय ना?’ असं विचारून चित्र थांबवणारी सेवा आजी-आजोबांना फार छळते. तो प्रश्न सेटिंगमधून बंद होतो का, बघा.

पैसे कुठून भरले ते लिहून ठेवा. फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलेली सेवा तिथूनच रद्द करावी लागते. सेवेचं अ‍ॅप काढून टाकलं तरी पैसे कापले जातात. सुरुवातीची सवलत कधी संपते, ती तारीखही सोबत लिहा.

केबल लगेच तोडू नका, एक महिना दोन्ही चालू ठेवा. इंटरनेट त्याच कंपनीचं असेल तर आधी विचारा, केबल काढल्यावर इंटरनेटचा दर काय राहील? जोडीची सवलत गेली की बचतीतला मोठा वाटा तिथेच संपतो. मॉडेम केबलच्याच वायरीवर चालत असेल तर ती वायर कापू देऊ नका, फक्त टीव्हीचा फाटा काढायचा. रद्द करण्याची सूचना लेखी द्या. सेट-टॉप बॉक्स, त्याचा रिमोट आणि अडॅप्टर परत करताना बॉक्सवरच्या सिरीयल नंबरसह पोच घ्या आणि शेवटचं बिल येऊन भाडं थांबलेलं दिसेपर्यंत ती जपून ठेवा.